दारासमोरची जागा नेमकी कुणाची? पेठेतल्या पार्किंगचं गणित

रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या गल्लीत एक आवाज ठरलेला असतो. पत्र्याचा जड डबा डांबरावरून खरखरत ओढल्याचा. समोरच्या इमारतीतल्या काकांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून मधोमध लोखंडी पाइप रोवलाय. मुलगा कामावरून आला की काका तो डबा कडेला ओढतात, मुलगा गाडी मागे घेत घेत बसवतो, आणि सकाळी गाडी निघाली की डबा परत मधोमध. शेजारच्या दारात फुटकी कुंडी आहे. तिच्या पुढे दोन विटांवर आडवी फळी. त्याच्याही पुढे कैक वर्षं बंद पडलेली स्कूटर, जिचं आता एकच काम उरलंय, जागा धरणं.

सदाशिव, नारायण, शनिवार, पुण्यातल्या कुठल्याही पेठेत शिरा, हेच दिसेल. यावरून होणारी भांडणं आपण माणसांच्या स्वभावावर ढकलतो. कुणी आडमुठं, कुणी माजलेलं, कुणाला शेजारधर्म नाही. मी या गल्लीत लहानाची मोठी झाले आणि मला ठामपणे वाटतं की हा स्वभावाचा प्रश्न नाही. आमच्या आजीला डोळ्याच्या ऑपरेशनला नेताना डबेवाल्या काकांनीच हात देऊन गाडीत बसवलं होतं. चांगली माणसंसुद्धा डबा का ठेवतात, हे समजून घ्यायचं तर थोडं गणित करावं लागतं.

आधी कायद्याचं, कारण ते थोडक्यात आटपतं. दारासमोरचा रस्ता घरमालकाचा नसतो, सोसायटीचा नसतो आणि समोरच्या दुकानदाराचाही नसतो. तो महापालिकेचा, म्हणजे सगळ्यांचा. तुम्हाला हक्क आहे तो एवढाच, की तुमच्या फाटकातून आत-बाहेर जाण्याची वाट कुणी अडवता कामा नये. फाटकापुढे गाडी लावायला वाहतुकीच्या नियमांतच मनाई आहे. पण फाटक सोडून भिंतीलगतची जी जागा उरते, तिथे पार्किंगला बंदी नसेल तर कोथरूडहून लक्ष्मी रोडला साडी घ्यायला आलेल्या माणसाचा आणि तुमचा हक्क अगदी सारखा. भिंतीवर ‘गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ असं रंगवलं म्हणून हवा सोडायचा अधिकार मिळत नाही. डबा, कुंडी, फळी हे सगळे कायद्याच्या नजरेत रस्त्यावरचे अडथळेच.

मग एवढ्या गाड्या इथे आल्या कुठून? पेठा वसल्या तेव्हा चारचाकीचा विचार कुणाच्या मनात नव्हता. वाड्याला दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती मालक आणि आठ-दहा भाडेकरू, आणि जिन्याखाली टेकवलेल्या सायकली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे पडले. तिथे आणि पुढे इतरत्रही चाळीवजा, मग तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या आवारात चार स्कूटर मावतील एवढी जागा सुटली. एका वाड्याच्या जागेवर बिऱ्हाडं वाढली, प्रत्येक बिऱ्हाडात आधी स्कूटर, मग दोन, मग चारचाकी आली. रस्त्याची रुंदी मात्र वाड्यांच्या काळात होती तेवढीच राहिली.

आता गणित. समजायला सोपं जावं म्हणून एक गल्ली धरू: लांबी १५० मीटर, रुंदी ६ मीटर. लहान गाडी सुमारे पावणेदोन मीटर रुंद. दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या तर मधे उरतात जेमतेम अडीच मीटर, आणि आरसे, दरवाजे, भिंतीपासून सोडलेली वीत धरली तर तेवढेही नाहीत. अग्निशमन दलाचा बंब अडीच मीटरच्या आसपास रुंद असतो. म्हणजे अशा गल्लीत एकाच बाजूला गाड्या लावणं शक्य आहे. दुसऱ्या बाजूची गाडी ही कुणाच्या तरी आगीच्या आड उभी असते.

त्या एका बाजूचे १५० मीटर. दोन्ही टोकांना वळण मोकळं ठेवायला ५-५ मीटर गेले. चार फाटकं, प्रत्येकी ५ मीटर, गेले २०. विजेची डीपी आणि कचऱ्याची जागा मिळून १० धरा. दुचाक्यांसाठी ३० मीटर. उरले ८०. एका गाडीला पुढे-मागे करायच्या जागेसकट साडेपाच मीटर लागतात. ८० ला साडेपाचाने भागलं की चौदा गाड्या.

गल्लीत आठ इमारती, प्रत्येकीत बारा बिऱ्हाडं, म्हणजे ९६. तीन घरांमागे एकाकडे चारचाकी धरली तर ३२. त्यातल्या निम्म्या इमारतीच्या आवारात मावतात असं समजू. रस्त्यावर आल्या १६.

जागा चौदा, गाड्या सोळा. तुटवडा फक्त दोनांचा.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म या दोनांत आहे. तुटवडा दोघांचा, पण ते दोघे कोण हे रोज रात्री नव्याने ठरतं. जो उशिरा येईल तो. त्यामुळे धास्ती दोघांना नसते, सोळाच्या सोळा जणांना असते. धास्ती असली की माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर डबा ठेवतो, किंवा गाडी हलवतच नाही. रविवारी नाटकाला जायचं तर रिक्षा करतो, कारण गाडी काढली आणि साडेनऊला परत आलो तर जागा गेलेली असेल. वाहन फिरायसाठी घेतलं आणि ते जागा धरायचं साधन होऊन बसलं. दिवसभर डब्याने अडवलेली जागा दुपारी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही मिळत नाही, मग तो दुसऱ्या बाजूला लावतो आणि गल्ली बंद. तुटवडा दोनाचा होता, डब्यांनी तो सहाचा केला.

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते. २०२५ मध्ये ते गेले. त्यांनी आयुष्यभर याच एका विषयाचा पिच्छा पुरवला. त्यांचं म्हणणं असं की रस्त्यावरच्या जागा साधारण ८५ टक्केच भरलेल्या असाव्यात, म्हणजे सात जागांमागे एक रिकामी. एक जागा कायम मोकळी दिसली की कुणी घिरट्या घालत नाही आणि कुणाला जागा धरून ठेवायची गरज वाटत नाही. आपल्या गल्लीत चौदा जागांवर बारा गाड्या असल्या की बरोबर तेवढं होतं. म्हणजे सोळापैकी चार गाड्यांची सोय दुसरीकडे लागली तर डब्यांचं कारणच संपतं. सगळ्यांनी गाड्या विकायची गरज नाही, रस्ता रुंद करायची गरज नाही. प्रश्न चार गाड्यांचा आहे. खऱ्या गल्लीत आकडे वेगळे निघतील, काही ठिकाणी तूट फार मोठी असेल. पण मोजल्याशिवाय ते कळत नाही, आणि पेठांमध्ये आजवर बहुतेकांनी फक्त भांडून पाहिलंय.

त्या चार गाड्या आपणहून का जात नाहीत? कारण रस्ता फुकट आहे. नियमाप्रमाणे एका चारचाकीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. पेठेत फ्लॅटचा भाव चौरस फुटाला दहा हजार धरला, तरी एवढ्या जागेची किंमत साडेतेरा लाख होते. बऱ्याच घरांत जी गाडी उभी आहे, तिच्यापेक्षा ती उभी राहते ती जागा महाग. आणि ही जागा पालिका शून्य रुपयांत, मुदत न घालता वापरायला देते. त्याच जागेत दाटीने सहा दुचाक्या उभ्या राहू शकतात किंवा एका भाजीवाल्या मावशींचा संसार चालू शकतो. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्वा ही पालिकेची वाहनतळं आहेत. तिथे पैसे पडतात आणि चालत यावं लागतं. बाहेर रस्ता फुकट असताना तिथे कोण जाईल? पूर्वग्रह बाजूला ठेवून पाहिलं तर यात माणसाची चूक दिसत नाही, भाव उलटा लावलेला दिसतो.

इथे हमखास येणारा प्रश्न: आम्ही रोड टॅक्स भरतो, मग पुन्हा पैसे कसले? महाराष्ट्रात खासगी गाडीचा कर नोंदणीच्या वेळी एकरकमी घेतला जातो आणि तो राज्याकडे जातो. गल्लीतला रस्ता पालिका सांभाळते, मुख्यतः मिळकतकर आणि तिच्या इतर उत्पन्नातून. तो मिळकतकर तिसऱ्या मजल्यावरच्या, ज्यांच्याकडे साधी सायकलही नाही, त्या पेन्शनर बाईही भरतात. त्यांच्या वाट्याचा रस्ता कुणी तरी वापरतंय आणि त्यांना फूटपाथवरून उतरून गाड्यांच्या मधून चालावं लागतंय, हे मला मनापासून खुपतं.

आता पी-१ आणि पी-२ या पार्किंगच्या पाट्यांबद्दल, कारण बाहेरगावच्या माणसाला ते हमखास चकवतं. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला लावायचं, सम तारखेला दुसऱ्या. हेतू चांगला आहे. एक बाजू कायम मोकळी राहते आणि गाड्यांचा त्रास एकाच बाजूच्या दुकानांना रोज होत नाही. पण ही व्यवस्था दिवसा येऊन जाणाऱ्या गाडीसाठी आहे, मुक्कामी गाडीसाठी नाही. रात्री अकराला बरोबर बाजूला लावलेली गाडी बारा वाजता चुकीच्या बाजूला होते. नियम पाळायचा तर रहिवाशाने सकाळी दुकानं उघडायच्या आत खाली उतरून गाडी पलीकडे न्यायची, आणि तीच वेळ सगळ्यांची. त्यात ३१ तारखेनंतर येते १. दोन्ही विषम. त्या दिवशी गाडी हलवायची नसते, आणि आदल्या दिवसांच्या सवयीने जो हलवतो त्याचीच गाडी टोइंगवाले उचलतात. माझ्या वडिलांची स्कूटर अशीच एकदा गेली होती.

नव्या इमारतींनी तरी प्रश्न सुटायला हवा होता. पुनर्विकास होताना आता आवारात पार्किंग द्यावंच लागतं. म्हणून तळमजला पूर्ण गाड्यांना जातो, प्लॉट लहान असेल तर एकावर एक गाड्या चढवणारी यंत्रं बसवतात. पण यंत्रातून गाडी खाली घ्यायला काही मिनिटं लागतात, वीज लागते, चालवणारा माणूस लागतो, आणि दरवर्षी देखभालीचा खर्च. यंत्र बंद पडलं की गाडी रस्त्यावर येते आणि दुरुस्तीच्या वर्गणीवरून सोसायटीच्या सभेत वाद झाला की ती रस्त्यावरच राहते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आवारात जाणारं प्रत्येक नवं रुंद फाटक रस्त्यावरची एक जागा कायमची खातं. ज्या इमारतीत तीनच गाड्या मावतात, तिने सार्वजनिक एक घेऊन खासगी तीन दिल्या.

आवारातली जागाही विकत घेतली म्हणून आपली झाली असं नसतं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका सोसायटीच्या खटल्यात स्पष्ट केलं की मोकळी किंवा खांबांवरच्या इमारतीखालची पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही. ती सोसायटीची सामाईक जागा. वाटप सोसायटीने करायचं. म्हणूनच एखाद्या सोसायटीत गाडी नसलेल्या सभासदाच्या नावावर जागा असते, तिथे जुनं कपाट ठेवलेलं असतं आणि शेजाऱ्याची गाडी रस्त्यावर. अशी अडलेली जागा मोकळी करून घेणं हे त्या चार गाड्यांपैकी एकीचं उत्तर असू शकतं.

जगात यावर मुख्यतः दोन उपाय झाले. पहिला रहिवासी परवान्याचा. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टन परगण्याने ऑफिसला येणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना कंटाळून रहिवाशांना परवाने दिले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७७ मध्ये न्यायालयाने ते वैध ठरवलं. पुढे ही पद्धत खूप शहरांनी उचलली. तिच्यात एक खोट आहे: परवाने जागांपेक्षा जास्त वाटले तर हातात राहतो फक्त जागा शोधायचा परवाना, जागा नाही. चौदा जागांना सोळा परवाने दिले की आपण होतो तिथेच. परवान्याला मोजणीची आणि दराची जोड हवीच. पहिल्या गाडीला परवडेल असा दर, दुसरीला कितीतरी पट.

दुसरा उपाय जपानचा, आणि तो मुळावर जातो. १९६२ च्या कायद्याने तिथे गाडी घ्यायच्या आधी ती ठेवायची जागा दाखवावी लागते. जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत हवी, आणि पोलिसांकडून तसा दाखला मिळतो. लहान गाड्यांना काही भागांत सूट आहे. त्याचबरोबर रात्री रस्त्यावर एकाच जागी ८ तासांहून जास्त गाडी ठेवायलाच मनाई आहे. हा दुसरा भाग आपण चर्चेत विसरतो. नुसता दाखला असता तर लोकांनी तो मिळवून गाडी रस्त्यावरच लावली असती.

आपल्याकडेही हा विषय निघालाय. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेच्या सुनावणीत विचारलं होतं की पार्किंगची जागा नसताना एकेका कुटुंबाला चार-पाच गाड्या कशा घेऊ देता. २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही, असं धोरण जाहीर केलं. दिशा मला पटते. पण पेठेच्या बाबतीत काळजीही वाटते. इथे आवार नसलेल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्याला दाखला मिळणार नाही, चार जागा असलेल्याला चार मिळतील, आणि भाडेकराराचे खोटे कागद करून देणारे दुसऱ्या दिवशी तयार असतील. आधीच रस्त्यावर असलेल्या गाड्यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

पुण्याने स्वतः एक प्रयत्न केला होता. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं. रस्त्यावर गाडी लावायला गर्दीप्रमाणे दर, असा त्याचा गाभा. विरोध एवढा झाला की आधी फक्त पाच रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं, आणि तेही वर्षानुवर्षं रखडलं. विरोध का झाला हे मला समजतं. जागा कुठे आहे हे न सांगता पैसे मागितले की लोक चिडणारच. शिवाय कामाची वाटणी अशी, की गाडीची नोंदणी आरटीओकडे, इमारतीचा नकाशा आणि रस्ता पालिकेकडे, दंड वाहतूक पोलिसांकडे. गल्लीत जागा किती आणि गाड्या किती, हे एकत्र मोजणं कुणाच्याच कामात येत नाही.

म्हणून या दिवाळीनंतर आम्ही गल्लीतल्या सात-आठ जणांनी स्वतः मोजलं. रात्री साडेअकराला, टेप आणि खडू घेऊन. याची तातडी का वाटली तेही सांगते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना छातीत कळ आली तेव्हा रुग्णवाहिका कोपऱ्यावर अडली. वळणावरच एक गाडी लावलेली होती. त्यांना लाकडी खुर्चीत बसवून चौघांनी कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. खुर्चीचा एक हात माझ्या भावाने धरला होता. आजोबा वाचले, पण त्यांच्या सुनेचा त्या वेळचा चेहरा आम्हा कुणाच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मोजणी सोपी असते. प्रत्येक फाटकाची रुंदी, डीपी, झाडं, वळणं कागदावर मांडायची. मग गाड्या मोजायच्या, आणि हे महत्त्वाचं, टायरवर आणि त्याखाली रस्त्यावर खडूची एकच रेघ मारायची. आठ दिवसांनी पाहिलं तर पाच गाड्यांच्या रेघा तशाच जुळलेल्या होत्या. दोघींच्या चाकांपाशी पिंपळाची पानं साचली होती. एका गाडीवर कव्हर होतं. तिचे मालक, एक निवृत्त मास्तर, म्हणाले, मुलगा परदेशातून डिसेंबरात येतो तेव्हा त्याला लागते. वर्षातले तीन आठवडे. जवळच्या मंगल कार्यालयाचं आवार रात्री रिकामं असतं, त्यांच्याशी महिन्याच्या भाड्याचं बोलणं चालू आहे. लग्नाची तिथी सोडून इतर दिवशी ते तीन गाड्या ठेवून घ्यायला तयार आहेत.

मोजताना आणखी एक गोष्ट दिसली. रहिवाशांच्या गाड्या आणि दुकानात येणाऱ्यांच्या गाड्या बहुतेक वेळ एकमेकींच्या आड येत नाहीत. दुपारी निम्मे रहिवासी बाहेर, रात्री दहानंतर दुकानं बंद. खरी ओढाताण संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ. म्हणजे नियम चोवीस तासांचा हवाच असं नाही. दिवसा तासाच्या दराने कुणालाही, रात्री रहिवाशांना, आणि मधल्या तीन तासांत दर चढा. त्या तीन तासांसाठी मंडईचं वाहनतळ आहेच.

आम्ही तीन कागद केले. गल्लीचा नकाशा, मोजणी, आणि मागण्या: दोन्ही वळणांवर ५ मीटर पट्टे मारून पार्किंग पूर्ण बंद, एका बाजूला चौदा नव्हे तर मोजून निघतील तेवढेच चौकोन, आणि त्या चौकोनांपेक्षा कमी रहिवासी परवाने. एक प्रत क्षेत्रीय कार्यालयात दिली, एक वाहतूक शाखेत. खाली ४१ सह्या आहेत. डबेवाल्या काकांचीही आहे. सही करताना त्यांनी एकच अट घातली, “आधी रेघा मारा, त्या रात्री मी डबा भंगारात देतो.” रेघा अजून पडायच्या आहेत.